फटाक्यातली पांढरी पूड आणि विहिरीचे पाणी

फेस्ताच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर नजर टाकली, की चारपाच पोरे हमखास वाकून काहीतरी वेचताना दिसतात. रात्री न फुटलेले फटाके आणि अर्धवट जळालेल्या नळ्या ती गोळा करतात. मग कुठेतरी आडोशाला बसून कागद सोलायचा, आतली पूड एका डब्यात जमवायची आणि दगडावर चिमूटभर घेऊन ठेचायची किंवा काडी लावायची. वडीलधाऱ्यांचे त्याकडे सहसा लक्ष नसते. आम्ही स्वतःही लहानपणी हा उद्योग केलेला आहे आणि दहाही बोटे शाबूत राहिली, हे केवळ नशीब. म्हणून या वेळी आमच्या पानावर पिकांची कीड बाजूला ठेवून त्या पुडीतल्या एका पदार्थाविषयी लिहीत आहोत. त्याचे नाव पोटॅशियम पर्क्लोरेट. फटाक्यापासून सुरू होणारी ही गोष्ट शेवटी पिण्याच्या पाण्यापर्यंत आणि गरोदर स्त्रीच्या आरोग्यापर्यंत जाते, तेव्हा वाचकांनी जरा धीराने वाचावे.

नाव अवघड असले तरी पदार्थ दिसायला साधा आहे. मिठासारखे पांढरे, बिनवासाचे स्फटिक. एक भाग पोटॅशियम, एक भाग क्लोरीन आणि चार भाग ऑक्सिजन असे त्याचे कण बनलेले असतात. वजनाने पाहिले तर १०० ग्रॅम पुडीत सुमारे ४६ ग्रॅम नुसता ऑक्सिजन कोंडलेला असतो. साधारण ४०० अंश सेल्सियसच्या पुढे तापवले, की तो ऑक्सिजन सुटू लागतो आणि मागे उरते ते पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे शेतकऱ्यांच्या ओळखीचे म्युरेट ऑफ पोटॅश. आपण पोत्याने शेतात टाकतो तेच खत. फरक एवढाच, की पर्क्लोरेटमध्ये त्याला ऑक्सिजनचे चार कण चिकटलेले असतात आणि सारा घात त्या चार कणांत आहे.

व्हिएन्नामध्ये फ्रीड्रिश फॉन स्टाडिओन याने १८१६ च्या सुमारास हा पदार्थ प्रथम तयार केला. आज तो विजेच्या साहाय्याने बनतो. मिठापासून सोडियम क्लोरेट, त्यापासून सोडियम पर्क्लोरेट, आणि त्यात पोटॅशियम क्लोराइड मिसळले की पोटॅशियमचे लवण गाळासारखे तळाशी बसते. तळाशी बसण्याचे कारण त्याचा पाण्याशी असलेला आडमुठेपणा. १०० मिलिलिटर थंड पाण्यात जेमतेम दीड-दोन ग्रॅम विरघळते. उकळत्या पाण्यात मात्र वीस ग्रॅमच्या वर. त्याचे भावंड सोडियम पर्क्लोरेट तेवढ्याच थंड पाण्यात दोनशे ग्रॅमच्या आसपास विरघळते आणि हवेतला ओलावाही ओढून घेते. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते तसाच प्रकार. म्हणून फटाकेवाले सोडियमचे घेत नाहीत, पोटॅशियमचे घेतात. ते दमट हवेतही कोरडे राहते.

आता याच्या चुलतभावाची ओळख करून दिली पाहिजे, कारण गोंधळ तिथेच होतो. पोटॅशियम क्लोरेट म्हणजे ऑक्सिजनचे तीनच कण असलेला भाऊ. आगकाडीच्या गुलात असतो तो हाच. कोणालाही वाटेल, तीन कणांपेक्षा चार कणांचा जास्त धोकादायक असणार. प्रत्यक्षात उलट आहे. क्लोरेट हा उतावळ्या स्वभावाचा, थोड्या घासण्यानेही पेट घेणारा. पर्क्लोरेट तुलनेने शांत. क्लोरेट आणि गंधक यांचे मिश्रण तर इतके भडक, की नुसत्या घर्षणाने, आघाताने आणि कधीकधी काही न करताही पेटते. १९९२ साली केंद्र सरकारने गंधक आणि क्लोरेट एकत्र असलेली स्फोटके बनवण्यास व बाळगण्यास बंदी घातली ती यामुळेच. तरी चोरूनमारून ते वापरले जाते. १० एप्रिल २०१६ रोजी केरळात कोल्लम जिल्ह्यातील परवूर येथे देवळाच्या उत्सवातील दारूकामाचा साठा उडाला आणि शंभराहून अधिक माणसे गेली, त्या वेळीही बंदी असलेल्या पोटॅशियम क्लोरेटचे नाव पुढे आले होते. आपल्या फेस्तांनाही दारूकाम होते, म्हणून ही आठवण द्यावीशी वाटली. दारूकामाचा ठेका देताना ठेकेदाराकडे परवाना आहे की नाही हे समितीने डोळ्यांनी पाहावे. तोंडच्या शब्दावर विसंबू नये.

पर्क्लोरेट शांत आहे असे म्हटले ते तो एकटा असतानाच्या गोष्टीबद्दल. तो स्वतः जळत नाही. पण जळणाऱ्या कोणत्याही वस्तूशी, म्हणजे गंधक, कोळशाची पूड, साखर, लाकडाचा भुसा, तेल किंवा ॲल्युमिनियमची चंदेरी भुकटी यांच्याशी त्याची गाठ पडली, की तिला हवेची गरजच उरत नाही. पूड आपला ऑक्सिजन आपल्याबरोबर घेऊन आलेली असते. फटाक्यात जी चंदेरी-राखाडी पूड दिसते तिच्यात ही जोडी असू शकते; काहींत सोरा असतो, काहींत पर्क्लोरेट, काहींत बेकायदेशीर क्लोरेट. नुसत्या डोळ्यांनी कोणालाही ते ओळखता येत नाही. पोराने डब्यात पाच-सहा निरनिराळ्या फटाक्यांची पूड एकत्र केली म्हणजे एकीतले गंधक दुसरीतल्या क्लोरेटला भेटते. मग दगडाचा एक ठोका, किंवा डब्याच्या झाकणाचे नुसते फिरवणे पुरे होते. पत्र्याचा वा काचेचा डबा असेल तर त्याचे तुकडे डोळ्यांत जातात. दिवाळीत आणि फेस्तांच्या दिवसांत बोटे गेली, डोळा गेला अशा ज्या कहाण्या आपण ऐकतो, त्यांतल्या कितीतरी फटाका लावताना झालेल्या नसून न फुटलेला फटाका हाताळताना झालेल्या असतात.

शेतकऱ्याच्या घरी याला आणखी एक पैलू आहे. द्राक्षे, मिरची, आंबा यांवर भुरीसाठी गंधकाची भुकटी आपण धुरळतो आणि ती पिशवी कोठीत पडून असते. त्याच कोठीत दिवाळीचे उरलेले फटाके ठेवण्याची खोड अनेक घरांत आहे. पिशवी फाटते, उंदीर फटाके कुरतडतात, आणि दोन्ही भुकट्या एकाच फळीवर सांडतात. गंधकाची जागा वेगळी ठेवावी. फटाके तर पुढच्या वर्षासाठी मुळीच ठेवू नयेत.

कपड्यांचेही तसेच. न्यूझीलंडमध्ये १९३० च्या दशकात कुरणातले एक विषारी तण मारण्यासाठी गवळी-शेतकरी सोडियम क्लोरेटचे पाणी फवारीत. ते पाणी विजारीत मुरे, विजार वाळे, आणि मग शेकोटीजवळ वाळत घातलेली किंवा अंगावरचीच विजार एकाएकी भडके. ऐकायला हसू येते, पण माणसे भाजली. कापूस हे जळण आणि क्लोरेट हा प्राणवायूचा साठा, दोन्ही धाग्याधाग्यात एकजीव झालेली. पर्क्लोरेट भिजून वाळलेल्या गोणपाटाची, लाकडाची किंवा कपड्याची गत फारशी वेगळी नसते. अशी पूड कपड्यावर सांडली तर झटकत बसू नये. कपडा उतरवून भरपूर पाण्यात बुडवावा.

आणि रानडुकरे. खानापूरच्या बाजूला भात, ऊस आणि रताळी करणाऱ्याला रानडुकरांचा त्रास काय असतो हे आम्ही सांगायला नको. एका रात्रीत वर्षाची मेहनत नांगरून टाकतात. पण त्यावर कोणी पिठाच्या गोळ्यात किंवा फळात गुंडाळून गावठी बॉम्ब ठेवत असेल, तर तो गुन्हा आहे आणि डुकरापुरता राहत नाही. तो गोळा गाय खाते, कुत्रे तोंडात धरून अंगणात आणते, पोर चेंडू समजून उचलते. मे २०२० मध्ये केरळच्या पालक्काड जिल्ह्यात स्फोटक भरलेले फळ खाऊन जबडा फुटलेली एक गाभण हत्तीण पाण्यात उभी राहून मेली. तेही रानडुकरांसाठी ठेवले होते असे तपासात पुढे आले. असा गोळा बांधावर दिसला तर हात लावू नये, काठीने ढोसू नये, पाणीही ओतू नये. गुरे-पोरे दूर न्यावीत आणि पोलिसांना कळवावे.

आग लागलीच तर? आपल्याला शिकवलेले असते की आगीवर गोधडी टाका, वाळू टाका, हवा तोडा. पर्क्लोरेटच्या मिश्रणाला हा उपाय लागू पडत नाही, कारण हवा तोडून काय उपयोग? प्राणवायू आतच आहे. अशा आगीला भरपूर पाणी हा उपाय, तोही लांबून. साठा मोठा असेल तर पाणीही नको. माणसांनी पळावे आणि अग्निशामक दल येऊ द्यावे. ४ मे १९८८ रोजी अमेरिकेत नेवाडा राज्यातील हेंडरसन येथे अमोनियम पर्क्लोरेटच्या कारखान्यात आग लागली. अवकाशयानाच्या इंधनासाठी लागणारा हा पदार्थ तिथे हजारो टन साठला होता, कारण १९८६ च्या चॅलेंजर अपघातानंतर उड्डाणे थांबली होती आणि माल उचलला जात नव्हता. बहुतेक कामगार आग पाहताच धावत सुटले म्हणून वाचले. दोघे मेले, तीनशेहून अधिक जखमी झाले, आणि मैलोगणती घरांच्या काचा फुटल्या.

भाजल्यावर काय करावे हे आम्ही या पानावर कितीदा लिहिले असेल, तरी अजून लोक टूथपेस्ट, शाई, तूप आणि हळद फासतात. भाजलेला भाग वीस मिनिटे वाहत्या थंड पाण्याखाली धरावा. बर्फ नको. अंगठी, बांगडी सूज येण्याआधी काढावी. स्वच्छ कापड सैल झाकून दवाखाना गाठावा. डोळ्यात नुसती पूड गेली असेल तर चोळू न देता पंधरा-वीस मिनिटे पाण्याने धुवावे. पण डोळ्यात तुकडा घुसला असेल तर धुऊ नये, दाबू नये, वरून वाटी किंवा कागदी पेला उपडा धरून तसेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यावे.

आता दुसरा भाग. तो बिनआवाजाचा आहे, म्हणून त्याकडे कोणी पाहत नाही.

आपल्या गळ्यात पुढच्या बाजूला फुलपाखराच्या आकाराची थायरॉईड ग्रंथी असते. तिला काम करायला आयोडीन लागते. रक्तातले आयोडीन आत ओढून घेण्यासाठी तिच्या पेशींवर जणू छोटी दारे असतात. पर्क्लोरेटचा कण आकाराने आणि विद्युतभाराने आयोडीनच्या कणासारखाच असल्याने दार फसते. इतके, की आयोडीनपेक्षा पर्क्लोरेटलाच सुमारे तीसपट अधिक आवडीने जागा देते. आयोडीन बाहेर ताटकळते. हे फार दिवस आणि फार प्रमाणात चालले तर ग्रंथीचा रस कमी पडतो. पर्क्लोरेट शरीरात साठून मात्र राहत नाही. ते न बदलता लघवीवाटे जाते आणि साधारण आठ तासांत निम्मे बाहेर पडते. म्हणजे एकदा पोटात गेले यापेक्षा रोज जात राहणे हे अधिक वाईट.

या गुणाचा डॉक्टरांनी उपयोगही केला आहे. ज्यांची थायरॉईड ग्रंथी जास्त काम करते अशा रुग्णांना १९५० च्या दशकात पोटॅशियम पर्क्लोरेट औषध म्हणून दिले जाई, दिवसाला सहाशे मिलिग्रॅम ते एक ग्रॅम, कधी त्याहून अधिक. गुणही येई. पण १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला काही रुग्णांच्या हाडांतील मगजात रक्त तयार होणेच थांबले आणि त्यांतले काही दगावले, तेव्हा हे औषध मागे पडले. आजही विशिष्ट रुग्णांत आणि तपासणीसाठी ते तज्ज्ञांच्या देखरेखीखाली वापरले जाते. फटाक्याची पूड हे औषध नव्हे, हे सांगण्याची गरज पडू नये. पण गलगंडावर काय काय चाटवले जाते हे आम्ही ऐकून आहोत.

सर्वांत जपायचे ते गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना. पोटातल्या बाळाची स्वतःची ग्रंथी पहिले काही महिने काम करीत नाही. त्याच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉईड रसावर चालते. आईच्या दुधात आयोडीन जाते तेही तशाच दारांतून, आणि पर्क्लोरेट तिथेही आडवे येते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढासाठी रोज १५० मायक्रोग्रॅम आयोडीन सांगितले असताना गरोदर स्त्रीसाठी २५० सांगितले आहे.

पाण्यात किती चालेल? जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ७० मायक्रोग्रॅम आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने २००७ मध्ये ६ मायक्रोग्रॅम ठरवली, मॅसॅच्युसेट्सने त्याआधीच्या वर्षी २. शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही, हे या आकड्यांवरूनच दिसते. मायक्रोग्रॅम म्हणजे केवढे, हे विहिरीच्या हिशेबाने पाहू. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत पाच मीटर पाणी असेल तर ते सुमारे ३५,००० लिटर झाले. त्यात पर्क्लोरेटचा एक ग्रॅम पडला आणि सगळीकडे मिसळला, तर लिटरला २८ मायक्रोग्रॅम होतात. अडीच ग्रॅमना सत्तराची मर्यादा गाठली जाते. अर्धा चहाचा चमचा! ही मर्यादा जन्मभर रोज पिण्यासाठी आहे, एका दिवसाच्या घोटाने कोणी आजारी पडत नाही, हेही तितकेच खरे. घाबरवण्यासाठी आम्ही लिहीत नाही.

विहिरीत ते जाते कसे, याचे एक उदाहरण ओक्लाहोमातील एडा गावच्या तलावाचे आहे. तिथे ४ जुलैच्या आतषबाजीनंतर पाणी तपासले, तेव्हा चौदा तासांच्या आत पर्क्लोरेट नेहमीच्या मानाने चोवीसपटीपासून हजारपटीपर्यंत वाढलेले आढळले; सर्वांत अधिक लिटरला ४४ मायक्रोग्रॅम. पाणी पूर्वस्थितीला यायला २० ते ८० दिवस लागले. तलावात त्याला खाऊन क्लोराइड करणारे जिवाणू असतात. पण त्यांना हवा नसलेला गाळ आणि कुजणारा पाला लागतो. स्वच्छ, हवेशीर विहिरीत ही सोय नाही. माती त्याला धरून ठेवत नाही, तुरटी त्याला खाली बसवत नाही, आणि पाणी उकळले तर ते जाण्याऐवजी उलट थोडे घट्टच होते. काढायचे तर आर.ओ.चे यंत्र किंवा आयन बदलणारी राळ लागते. केरळात आलुवाजवळच्या कीळमाड भागात अमोनियम पर्क्लोरेटच्या कारखान्याच्या आसपासच्या विहिरींत हा पदार्थ मर्यादेच्या कितीतरी पट अधिक सापडला होता. इतका दूरचा वाटणारा विषय किती जवळचा आहे, हे त्यावरून कळावे.

पिकांच्या बाबतीत तर ही शंभर वर्षांहून जुनी गोष्ट आहे. दक्षिण अमेरिकेतील चिलीच्या अटाकामा वाळवंटात सोऱ्याच्या खाणी आहेत. रासायनिक नत्रखत निघण्याआधी सारा युरोप तो सोरा शेतात टाकी. काही ठिकाणी राय नावाच्या धान्याची पाने वेडीवाकडी होऊन पीक खुजे राही. डच रसायनतज्ज्ञ श्येलेमा याने १८९६ मध्ये दाखवून दिले की दोष सोऱ्यातल्या नैसर्गिक पर्क्लोरेटचा आहे. तिथे पाऊस जवळजवळ नसल्याने हे विरघळणारे लवण हजारो वर्षे जमिनीतच राहिले होते. (२००८ साली मंगळावर उतरलेल्या फिनिक्स यानालाही तिथल्या मातीत पर्क्लोरेटच मिळाले. कोरड्या जागेची त्याला आवड दिसते.) वनस्पती ते पाण्याबरोबर शोषते, पाणी पानांवाटे उडून जाते, आणि लवण पानांत उरते. म्हणून दाण्यापेक्षा आणि फळापेक्षा पालेभाजीत ते अधिक. युरोपात २०२० पासून फळभाज्यांना किलोस ०.०५ मिलिग्रॅम आणि पालेभाज्यांना ०.५ मिलिग्रॅम अशी मर्यादा आहे, ती याच कारणाने. चिलीचा सोरा घातलेल्या तंबाखूच्या पानांतही ते सापडले होते. निपाणीकडच्या वाचकांनी याचा अर्थ आपल्या पिकात ते आहे असा घेऊ नये.

घरी करण्यासारखे थोडके आहे. आयोडीनयुक्त मीठ वापरावे, झाकण लावलेल्या कोरड्या बरणीत ठेवावे, चुलीजवळ नको. किलोस १५ मिलिग्रॅम आयोडीन असलेल्या १० ग्रॅम मिठातून बरोबर १५० मायक्रोग्रॅम मिळते. पण रक्तदाबवाल्यांनी या हिशेबाने मीठ वाढवू नये, समुद्राचे मासे आणि दूध यांतूनही आयोडीन मिळते. विहिरीत टाकायची टीसीएल पावडर ताजी घ्यावी. जंतुनाशक क्लोरीनचे तयार द्रावण तर उन्हात, महिनोन्महिने मुळीच ठेवू नये. ते शिळे होताना त्यात क्लोरेट आणि थोडे पर्क्लोरेटही तयार होते, आणि जंतू मारण्याची ताकद जाते ती वेगळीच.

दारूकामाची जागा पिण्याच्या विहिरीपासून आणि झऱ्यापासून लांब, वारा विहिरीकडे वाहत नसेल अशा बाजूला असावी. दुसऱ्या दिवशी पोरे पोहोचण्याआधी, पहाटेच, दोघा मोठ्या माणसांनी मैदान झाडून घ्यावे. न फुटलेले फटाके सोलू नयेत, खिशात घालू नयेत, चुलीत तर टाकूच नयेत. लांब दांड्याच्या खोऱ्याने उचलून प्लॅस्टिकच्या पाणी भरलेल्या बादलीत रात्रभर बुडवून ठेवावेत. भिजल्यावर कागद कचऱ्यात द्यावा. बादलीतल्या पाण्यात आता पर्क्लोरेट विरघळलेले असते, म्हणून ते विहिरीच्या काठावर, ओढ्यात किंवा मेथी-पालकाच्या वाफ्यात न ओतता, या सगळ्यांपासून दूर एखाद्या पडीक जागी ओतावे आणि बादली धुऊन वेगळी ठेवावी.